राजीखुशी

“मोठ्यानं वाच,” कमळाबाई म्हणाल्या. “मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

खोलीत बाक नव्हताच. कामतघरच्या चाळीतली एवढीशी खोली, आणि भिंतीपलीकडे लूम धडधडत होते. बाई खाटेवर पडल्या होत्या. पोटातल्या गाठीनं त्यांचा पार सापळा करून टाकला होता. चार दिवस त्या चमचाभर पाण्यावर होत्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हापासून चाळीतल्या बायका पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत. आज दुपारी मंदाची पाळी होती.

मंदा अंजूरची. गावच्या शाळेत चौथीपर्यंत बाईंच्या हाताखाली शिकली. पुढं लग्न होऊन कामतघरला आली आणि लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरू लागली. निवृत्त झाल्यावर बाई तिच्याच चाळीत राहायला आल्या, तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता.

मघाशी ती सहज बोलून गेली होती, की उद्या अकरा वाजता रजिस्टर ऑफिसात जायचंय. तिचा बाप जाऊन सहा महिने झाले होते. ते शहाण्णव साल होतं. अंजूरच्या शेतांवर गोदामं उभी राहत होती, आणि बापाच्या जमिनीलाही गिऱ्हाईक आलं होतं. थोरला भाऊ बाळाराम काल कागद देऊन गेला होता. “नुसती सही करायची हाय,” तो म्हणाला होता.

“वाचलास का कागद?” बाईंनी विचारलं होतं.

“न्हाय. सख्ख्या भावाचा कागद काय वाचायचा?”

त्यावर बाईंनी तिला घरी पिटाळून कागद आणायला लावला होता.

“राहू दे ना, बाई. तुम्हाला बरं न्हाय...”

“मरायला वेळ आहे अजून मला. वाच.”

मंदा वाचू लागली. सर्व्हे नंबर झाला, चतुःसीमा झाल्या. लूमच्या आवाजावर आवाज चढवून ती वाचत होती. “सदर मिळकतीतील माझा हक्क मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता...”

“थांब. आवाज का पडला?”

मंदानं मान खाली घातली.

“दादा म्हनला, सही केलीस तर माहेर हाय. न्हायतर भाऊबीज बंद, दार बंद. बहिणीनं वाटा मागितला तर लोक थुंकतील म्हनला. आनी माहेर काय कागदावर असतं का? मायेवर असतं म्हनला.”

“मग सही कागदावर कशाला मागतो?”

बाईंनी कोपरावर रेटा देऊन उठायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम फुटला. मंदा धरायला गेली, तर त्यांनी तिचा हात झटकला आणि स्वतःच भिंतीला टेकून बसल्या.

“हा कागद कोणी लिहिला?”

“दादाच्या वकिलानं.”

“तुला विचारून?”

“न्हाय.”

“मग त्यातला ‘मी’ कोण?”

मंदा कागदाकडे बघत राहिली. ओळीओळीत ‘मी’ होता. मी सोडून देत आहे. मी कधीही मागणार नाही. माझे वारसही मागणार नाहीत. तिच्या दोन्ही पोरी तेव्हा शाळेत होत्या.

“बाई, मी काय करू?”

“ते मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. “आजवर तुला सगळ्यांनी सांगितलंच. मी वाचायला शिकवलं. माझं काम तेवढंच.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाळारामनं तिच्यासाठी रिक्षा पाठवली. ऑफिसात त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. बहिणीसाठी नवी साडीही आणली होती. मंदाचा नंबर आला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “राजीखुशीनं सोडताय ना?” दिवसातून दहादा विचारायचा प्रश्न. शिक्का त्यांच्या हातात तयार होता.

“न्हाय,” मंदा म्हणाली.

साहेबांनी मान वर केली.

“मंदे, येडी झालीस काय?” बाळाराम ओरडला. “आजपासून तुला माहेर न्हाय!”

मंदाचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा लागला. “मी बाबांची पोरगी हाय, दादा. ते दार बंद करनं तुझ्या हातात न्हाय.”

साडी तिनं टेबलावरच ठेवली आणि चालत घरी निघाली. बाईंना कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

चाळीच्या तोंडाशीच बायका उभ्या दिसल्या. बाई तासाभरापूर्वी गेल्या होत्या.

संध्याकाळी चाळीसमोर एक नवी कोरी जीप थांबली. पूर्णे गावाहून बाईंचा धाकटा भाऊ महादू आला होता. बाईंचं माहेर इतक्या जवळ आहे, हे चाळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिथून कोणी आलंच नव्हतं. पूर्ण्याच्या रस्त्याला त्याची तीन गोदामं आहेत, असं ड्रायव्हरनं सांगितलं.

महादू अगदी खरं रडला. बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून रडला. मग उपरण्यानं डोळे पुसत भोवतालच्या बायकांना म्हणाला, “अशी बहीण नशिबानं मिळते. एवढी शिकलेली मास्तरीण, पण मी सहीला बोलावलं, तर कागद वाचलासुद्धा न्हाय तिनं.”