कोपराचा फोटो

“मनसारामभाऊ, तुमच्याशिवाय हे काम कोणाच्यानंच होणार नाई,” हरिदास सर म्हणाले आणि स्वतःच स्टूल ओढून बसले.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते काही उगाच नाही. मनसाराम चंद्रपूरच्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत नोकरीला. मागच्या साली याच खोलीत त्याचा पोरगा इसरू कोपर धरून कळवळत होता, तेव्हा हेच सर दारात जांभया देत उभे होते.

पोंभुर्ण्याच्या बोडीत, गावच्या तळ्यात, जाळं फेकून फेकून इसरूचा हात तयार झालेला. सरांनी तो हेरला आणि शाळेत भाला हातात दिला. कोपर दुखायला लागलं तरी सोडलं नाही. “पोरीवानी रडून राह्यला काऊन बे? फेक.” पोरानं फेकला, आणि कोपरात हाड जिथून वाढतं तिथला तुकडाच सुटला. मनसारामनं फोटो दाखवला, तर सरांनी तो खिडकीच्या उजेडात धरल्यासारखं केलं. “हाड तं साबूत आहे. नाटकं करते पोरगं.” गावी नेऊन, बापाच्या माघारी, पुन्हा भाला दिला.

आता इसरूचा हात सरळ होत नाही. जाळंही फेकता येत नाही. तळ्यावर काकाच्या डोंग्यात नुसता बसून असतो. या सराला असंच रडवीन, एवढंच मनसाराम देवाजवळ बोलला होता.

आणि आज तोच माणूस दारी आला. त्याचा पुतण्या अमर राज्याच्या स्पर्धेला निघालेला, सोळा वर्षांखालच्या गटात. पोरगा एकोणीसचा, दाढी करणारा. वय तपासायला उद्या नागपूरचे डॉक्टर याच दवाखान्यात येऊन कोपराचा फोटो पाहणार. वाढीची फट दिसली तर पोर लहान, बुजलेली असली तर मोठं.

“एखाद्या बारक्या पोराचा फोटो त्याच्या नावानं लावून द्या ना.”

मनसारामनं जुन्या फोटोंच्या कपाटाकडे पाहिलं.

“हात कोणता?”

“उजवा.”

“भेटन.”

घरी बायकोनं, वच्छलानं, ताट आदळलं. “ज्यानं लेकराचा हात मोडला, त्याच्याच पुतण्याले वर चढवता? लाज नाई वाटत?”

“त्यानं मांगलं तेच देऊन राह्यलो,” मनसाराम म्हणाला आणि भात कालवू लागला.

सकाळी सरांनी फोटो खिडकीशी धरला. “झकास. फट दिसून राह्यली.”

“नीट पाहा, सर.”

“पाह्यला ना.”

डॉक्टरांनी अमरला समोर बसवून फोटो दिव्यावर लावला. “वय बरोबर आहे. पंधराच्या आतलाच.”

सर हसले.

“पण याला पाठवता येणार नाही. वाढीचं हाड तुटून सरकलंय. याचा फेकीचा खेळ कायमचा संपला. कोणत्या नालायकानं याला असं फेकायला लावलं?”

सर घाईनं पुढे झाले. “चुकून... दुसऱ्याचा असंल, साहेब.”

“मग आत्ताच नवा काढू. ये रे, हात ठेव.”

सरांनी अमरच्या दाढीच्या खुंटांकडे पाहिलं. “नको साहेब. याचाच आहे.”

बाहेर येताच त्यांनी मनसारामची कॉलर धरली. “कोणाचा फोटो दिला बे तू?”

मनसारामनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

“दोनदा उजेडात धरून पाह्यला, सर. अजून नाई ओळखला?”