पहिली हाक

साउंडवाल्याची जुनी रीत होती, नव्या स्पीकरमधून पहिला आवाज बायकोचा निघायचा. या खेपेला स्पीकर बसवले होते ते एका गिऱ्हाइकाच्या पुरुषभर लांबीच्या मॉडेल विमानाच्या पोटात.

"विमानातून काय बोलू आता? पट्टे बांधा म्हणू?" माइक हातात घेऊन ती हसली. मग तिचे डोळे भरून आले. मोर्च्यात पुढे होता म्हणून आठ महिने डोंगरात लपून बसलेल्या लेकाला तिने हाक मारली, "ये रे राजा, घरी ये. दार उघडं आहे, पाणी तापलं आहे, कुणी काही म्हणत नाही."

खिडक्यांची तावदानं थरथरली.

"झकास! साहेब, आता हे रेकॉर्डिंग पुसतो. बाजारावर फिरवायची तुमची जाहिरात द्या," साउंडवाला गिऱ्हाइकाला म्हणाला.

"पुसू नका," साहेब हळूच म्हणाले. "वहिनींचा आवाज लांबूनही ओळखू येईल."

संध्याकाळी विमान उडालं ते बाजाराकडे न वळता थेट डोंगरावर गेलं आणि आईच्या आवाजात हाका घालत घिरट्या घेऊ लागलं. खाली झाडीच्या कडेला साहेबांची माणसं बंदुका रोखून बसली होती.



झाडीतून ओ आली, "आलो गं, आई!"