बोरूचा पापुद्रा

"त्या रॉकच्या धांगडधिंग्यात बासरी वाजवणार? मग मला गुरू म्हणू नकोस. मी तिथं पाऊलही ठेवणार नाही!" थान गुरुजींनी यिंगशूला बजावलं होतं.

आज रॉकच्या कार्यक्रमात चीनमधल्या सुचौची तरुण पोरं बेभान नाचत होती आणि ऐन रंगात ड्रमच्या दणक्यानं तिच्या चिनी बासरीच्या जादा भोकावर सूर घुमवण्यासाठी चिकटवलेला बोरूचा पापुद्रा टरकन फाटला. सुराऐवजी नुसता फुसफुसाट! इतक्यात उड्या मारणाऱ्या गर्दीतून एक सुरकुतलेला हात वर आला. हातात नवा पापुद्रा आणि तो चिकटवायला सोललेली लसणाची पाकळी. डोक्यावर, नाचणाऱ्या पोरांसारखेच, लुकलुकणाऱ्या दिव्यांचे सशाचे कान.

"गुरुजी, तुम्ही?"

"बघतेस काय, चिकटव! याच गाण्याला फाटतो लेकाचा. मागच्या तिन्ही कार्यक्रमांत बघतोय मी!"