दुपट्यातले कागद

विहीणबाई सांगितल्यापेक्षा तासभर आधीच येऊन टेकल्या आणि मंजुश्रीची धांदल उडाली. दुपटं अजून तयार नव्हतं.

अस्तर लावायचं राहिलं होतं, आणि त्याआधी आतले कागद काढायचे होते. हे काम असंच असतं. सहा कोनांच्या कागदावर चिंधी मुडपून कच्चा दोरा घालायचा, मग असे तुकडे कडेला कडा लावून शिवायचे. मध्ये एक, भोवती सहा, की झालं फूल. फुलाला फूल जोडून दुपटं पुरं झालं की मागून एकेक कागद ओढून काढायचा. अख्ख्या धाड गावात हे येणारी बाई एकच, मंजुश्रीची सासू पंचफुलाबाई. गावातलं कुठलंही तान्हं लेकरू आजोळाहून बापाच्या घरी निघालं की त्यांच्या दुपट्यात गुंडाळूनच निघायचं. आज तर घरचंच लेकरू होतं. मंजुश्रीची मुलगी अर्पिता माहेरी बाळंत झाली होती आणि लेकीला घेऊन मेहकरला निघायची होती. तिला न्यायला तिच्या सासूबाई महामायाबाई स्वतः जीप करून आल्या होत्या.

"आन इकडे," म्हणत पंचफुलाबाईंनी दुपटं मांडीवर ओढलं. राहू द्या आत्याबाई, मी काढते, असं मंजुश्री म्हणेपर्यंत म्हातारीची बोटं कामाला लागलीसुद्धा. कागद काढायचा मान शिवणारीचा, हा त्यांचा जुना नेम. महामायाबाई शेजारी बसून टाके न्याहाळत होत्या. चहा गार झाला तरी त्यांचं कौतुक आटपेना. एवढं बारीक काम मशीनलाही जमायचं नाही, या वयात असा हात म्हणजे नवलच, आमच्या मेहकरात सगळ्या बायांना दाखवते बघा, असं त्यांचं चाललं होतं.

पहिला कागद निघाला. पंचफुलाबाईंनी तो दोन बोटांत चोळला. दुसरा काढला, तोही चोळला. मग हात थांबला.

त्या कागद कापायच्या तो फक्त लग्नपत्रिकेचा. पत्रिका जाड असते, तिचा कोन मोडत नाही. गावातल्या बाया लग्नाहून आल्या की आठवणीनं पत्रिका त्यांना आणून द्यायच्या. हातातला कागद मात्र गुळगुळीत होता, औषधाच्या खोक्याचा. डोळ्यांना आता धूसर दिसत असलं तरी बोटं काही आंधळी झाली नव्हती.

मंजुश्रीला तोंड कुठं लपवू असं झालं. सासूचा हात थरथरायला लागल्यापासून टाके असे पडायचे की मधून करंगळी जावी. दुपारी म्हातारीचा डोळा लागला की मंजुश्री ते फूल उसवायची आणि पुन्हा शिवायची. सुईनं चाळण झालेल्या पत्रिका फेकायची, खोक्यांचे नवे कागद कापायची. फुलं जोडायचं काम तिचंच असल्यानं म्हातारीला पत्ता लागला नव्हता. मंजुश्रीच्या मनात पाप नव्हतं. ज्या हाताचं सारं गाव नाव घेतं, त्याला परगावच्या बायांनी हसावं हे तिला सोसलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदही ती आज सकाळीच गुपचूप काढणार होती, पण जीप लवकर आली ना.

पंचफुलाबाईंनी दुपट्यावरून सावकाश हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटाला कुठंच काही अडकलं नाही.

"ईनबाई, हे काम माह्यं नाही," त्या म्हणाल्या. "सुनेचं हाय."

महामायाबाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी सुनेला मोठेपणा देते आहे. मंजुश्री घाईघाईनं सांगू लागली की आपण नुसतं जोडलं, फुलं सगळी आत्याबाईंचीच.

"खोटं काऊन बोलतं वं? चांगलं शिवलं तं शिवलं म्हण. मले इचारलं असतं तं म्या सोताच उसवून देल्लं असतं."

आवाज चढला नव्हता, पण लागलं होतं, आणि ते लपत नव्हतं. मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीनं तिकडं बघितलं नाही. कात्री मागितली.

मधल्या फुलाचा मधला तुकडा चाचपून त्यांनी कडेचे टाके कापले. दुपट्याला बरोबर मध्यात भोक पडलं. अर्पिता म्हणाली, आजी, गाडीवाला थांबलाय. थांबला तर थांबला, त्याला काय मुळं फुटतात का, असं म्हणून त्यांनी आपल्या डब्यातून पत्रिकेचा कागद काढला आणि तोच तुकडा त्यावर मुडपून घेतला. मंजुश्रीच्या मनात आलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिनं सुईत दोरा ओवून दिला. त्यापलीकडे तिला काही करू दिलं नाही.

सुई भलतीकडे जायची, परत यायची. टाका कधी आखूड, कधी लांब. एका कोनाला कापड गोळा झालं, तसंच राहिलं. महामायाबाईंचं हसू कधीच मावळलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला होता आणि म्हातारीच्या हातावरची नजर काढत नव्हत्या.

कागद ओढून काढल्यावर पंचफुलाबाईंनी दुपटं विहिणीपुढं केलं. तिचं बोट धरून आधी कडेच्या फुलांवरून फिरवलं, मग मधोमध आणून टेकवलं.

"गुळगुळीत लागते ते पोरीच्या आजीचं," त्या म्हणाल्या. "अन् हे खडबडीत लागते ना बोटाले, हे पणजीचं. मेहकरात दाखवजा तं दोन्ही दाखवजा."