आठची कॅसेट

मस्कतहून चार वर्षांनी सुकदेव पांडेसऱ्यातल्या आपल्या खोलीवर पोचला, तेव्हा आत सुकदेव बोलत होता.

"माय, गुडघा कसा शे?" टेपरेकॉर्डर विचारत होता. पुढे उत्तरापुरती जागा सोडलेली.

"दुखस रे," त्या जागेत धुरपदाबाई म्हणाली आणि तिनं वर पाहिलं. दारात तिचा मुलगा. वाळलेला, डोळे पिवळे, हातात बॅग.

"उना का? बठ तठे. यानं व्हऊ दे, मंग तुनं ऐकस."

सुकदेव बसला. शहाण्णव साली त्यानंच कुणाच्या तरी हाती पाठवलेली कॅसेट. दोन वर्षं झाली, जेवणं आटोपली की आठला लागायची. बायको रंजना साड्यांचे धागे कापत होती. तिनं उठून पाणी दिलं. "भात टाकते," म्हणाली आणि कॅसेट संपायची वाट बघत परत बसली.

त्यानं बॅगेतून बाहुली काढून योगितापुढे धरली. पाच वर्षांच्या योगितानं ती घेतली आणि टेपरेकॉर्डरला दाखवत गल्लीतल्या गुजरातीत म्हणाली, "पप्पा, जुओ! अंकल ढिंगली लाव्या."

"अगं, मीच पप्पा."

योगितानं आईकडे पाहिलं. "पप्पा तो दिवाळी पर आवशे ने?"

रंजनानं पेटीतून कोरी कॅसेट काढली. "यात बोला. तिला यातूनच कळतं."

ती हसली नाही. म्हणून सुकदेवही हसला नाही. त्यानं टेपात कॅसेट घातली, लाल बटण दाबलं.

"योगिता, मी आलोय बेटा. कंपनी बंद पडली. मला कावीळ झालीय, पण बरा होईन. आता कायमचा इथंच राहणार."

सवयीनं त्यानं पुढे जागा सोडली.

मग कॅसेट मागे फिरवून लावली. तिघींनी माना खाली घालून नीट ऐकली. मोकळ्या जागेत फक्त शेजारच्या मिलची धडधड ऐकू आली.

"मम्मी," योगिता म्हणाली, "आ पप्पा सारा नथी."

"तिले हाऊ चांगला नई वाटस. जुनी लाव माय," धुरपदाबाई सुनेला म्हणाली.

रंजना उठली नाही. नवऱ्याकडे बघत राहिली. शेवटी सुकदेवनंच नवी कॅसेट काढली आणि जुनी घातली.

सुकदेव मजेत होता. त्याच्या खोलीला एसी होता. रोज मटण होतं. दिवाळीला तो नक्की येणार होता, आल्यावर दोन खोल्यांचं घर बघणार होता. योगिता टेपरेकॉर्डरला खेटून बसली.

"सगळे जेवलात ना?" टेपरेकॉर्डरनं विचारलं.

"हो," तिघी म्हणाल्या.

भात अजून टाकायचाच होता.

"हो," सुकदेव म्हणाला.