पायाखालचा दगड

"बाजारात ब्रेक अगदी लोण्यासारखे लागतात गं," बेकरीवाले काका म्हणाले. "टेकडी उतरतानाच काय होतं कोण जाणे. एकदा लागतात, दोनदा लागतात, मग पायाखाली नुसता दगड."

तिने पाना खाली ठेवला. ही जुनी डिझेल गाडी पुन्हा या गॅरेजात येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अपघाताच्या आदल्याच आठवड्यात तिच्या बाबांनी, म्हणजे सगळ्यांच्या उस्तादांनी, या गाडीची ब्रेकची नळी बदलली होती. मग काकांचा धाकटा मुलगा पाव पोचवून टेकडीवरून परतताना कठड्यावर आदळला आणि जागीच गेला. ब्रेक लागत नाहीत म्हणून तो खिडकीतून ओरडत होता, असं समोरून चढणाऱ्या दूधवाल्याने सांगितलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं ती जगाला सांगत राहिली. जगाने मान डोलावली आणि आपापल्या गाड्या दुसरीकडे नेल्या.

तेव्हापासून उस्ताद मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. अन्नावरची वासनाच गेली होती त्यांची. काकांनी मात्र दोषाचा एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि तेच घरात सगळ्यांना जास्त लागायचं.

"पत्रेवाल्याकडून सरळ करून घेतली," काका म्हणाले. "विकणारच होतो. मग वाटलं, आधी कळू दे काय झालं ते."

"आणि चूक बाबांची निघाली तर?"

"तर माफ करीन त्यांना. पण माहीतच नसताना माफ तरी कसं करू, सांग?"

त्यांनी बाकावर बसता बसता भिंतीवरच्या पंख्याचं बटण बंद केलं. एका दिव्यावर दोन खोल्यांची बेकरी चालवणारा माणूस. जित्याची खोड, असं तिच्या ओठांवर आलं, पण म्हणीतलं पुढचं आठवून तिने ती तशीच गिळली.

ती गाडीत बसली. इंजिन बंद ठेवून तिने पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पेडल कडक झालं. ते व्हायलाच हवं. डिझेल गाडीत ब्रेकला जोर मिळतो तो एका वेगळ्या पंपाच्या ओढीने, आणि इंजिन थांबलं की तो पंपही थांबतो. पेडल दाबून धरून तिने किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं आणि पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. पंप चांगला होता.

"नळी बघ," आतून आवाज आला. कित्येक दिवसांनी उस्ताद बोलले होते. "माझी नळीच असणार ती."

पंपाची ओढ ब्रेकपर्यंत पोचवणारी ती नळी तिने काढली. बोटाने चाचपली, तोंडाने हवा ओढून पाहिली, उजेडात धरून वाकवली. कुठे चीर नाही, कुठे भेग नाही. क्लिपा बाबांनी आवळल्या होत्या तशाच घट्ट. इंजिन पार तापेपर्यंत चालू ठेवून तिने पुन्हा सगळं तपासलं. चाकं उघडली, पॅड पाहिले, तेल पाहिलं. तिला रडूच यायला लागलं. आनंदाने रडावं असं खरं तर हे होतं.

"बाबा, नळी धडधाकट आहे. तुमची काही चूक नाही हो!"

"मग पोर मेलं कशाने?" उस्ताद भिंतीलाच म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस."

दोष सापडेना, आणि दोष सापडल्याशिवाय बाबा काही उठणार नव्हते. काय हा छळ!

"काका, गाडीत काहीच नाही," ती बाहेर येऊन म्हणाली.

"नाही कसं? परवासुद्धा झालं. मेलोच होतो, हँडब्रेकने वाचलो." काकांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तुला खोटं वाटतं ना? चल, दाखवतो."

काका चालवायला बसले, ती शेजारी. बाजारातून जाताना त्यांनी मुद्दाम दोनदा ब्रेक मारून दाखवला. गाडी गुमान थांबली. चढावर जुनं इंजिन दमलेल्या बैलासारखं धापा टाकत होतं, पण पेडल मऊच होतं.

"पोर हुशार होतं गं," काका मध्येच म्हणाले. "एकदा सांगितलं की विसरायचं नाही. याच रस्त्यावर शिकवली त्याला गाडी. मी करीन तस्संच करायचं."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. तिलाही भरून आलं. ती समोर बघत राहिली.

माथा आला. पुढे रस्ता वळणं घेत खाली उतरत होता, आणि तिसऱ्या वळणावर तो कठडा अजून फुटकाच होता.

"आता नीट बघ हं," काका म्हणाले. "मी अगदी रोजच्यासारखीच उतरवतो."

त्यांनी गिअर काढला, आणि सवयीच्या हाताने किल्ली मागे फिरवून इंजिन बंद केलं.

"उतारावर उगीच डिझेल कशाला जाळायचं?" गाडी घरंगळायला लागली तसे ते म्हणाले. "पोराला मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हे."