आखणीत आलेला तरवड

तिनं पेनचं टोपण काढलं, तेवढ्यात अंगणातून पहारीचा आवाज आला.

"भिंतीचा पाया घेतायत," दादा म्हणाला. "तू सही कर. गवंडी खोळंबलाय."

समोर हक्कसोडीचा कागद होता. आई गेल्यावर घराचे दोन वाटे ठरले होते, एक दादाचा, एक धाकट्याचा. मध्ये भिंत. बहिणीची सही झाली की सगळं मार्गी लागणार होतं. ती भांडायला आलीच नव्हती. आपलं घर आहे, नोकरी आहे, भावांशी कशाला वाकडं घ्या, असं वाटभर स्वतःला समजावत आली होती. मागितलं ते एकच. खिडकीसमोरचा तरवड तेवढा ठेवा.

तो कुणी लावलेला नव्हता. अंगणातल्या मुरमात आपसूक आलेलं झुडूप. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला बाहेरचं तेवढंच दिसायचं, ती पिवळी फुलं. दर सुट्टीला बहीण यायची, आईचं अंग पुसायची, कूस बदलून तोंड खिडकीकडे करून द्यायची. वास येतो म्हणून घरातले बाकीचे दार लोटून घ्यायचे.

"ठेवू की," आत्ताच चहा पिताना दादा म्हणाला होता. "एका झुडपाचं काय एवढं?"

ती उठून खिडकीशी गेली. तरवड आडवा पडला होता. फुलांचे घोस मातीत, चपट्या शेंगा तुडवलेल्या. धाकटा पहारीला टेकून घाम पुसत होता.

"अरे, ठेवतो म्हणालात ना?"

"ताई, आखणीतच येत होता तो. त्याच्यासाठी भिंत वाकडी घ्यायची का?"

"हातभर सरकवायची होती."

"कुणाच्या बाजूला?" मागून दादा म्हणाला. "त्याची जागा जाणार की माझी? तुझं काय जातंय बोलायला. रानातलं झुडूप ते, दुसरं उगवेल. चल, सही कर."

ती वळून कागदापाशी आली. आईची कूस बदलायला या दोघांतला एकही पुढे आला नाही, तेव्हा ती बोलली नव्हती. आईचे दागिने परस्पर वाटले गेले, तेही तिनं गिळलं होतं. आणि अख्खं घर ती सोडून देत असताना यांना तिच्या शब्दाखातर हातभर जागा सोडवेना.

तिनं पेनला टोपण लावलं. कागद उचलून घडी केली, पर्समध्ये टाकली आणि अंगणात आली. दादा "अगं, अगं" करत मागोमाग आला.

गवंडी दोरी हातात घेऊन उभा होता. "कुठून धरू?" त्यानं तिघांकडे बघत विचारलं.

"गुंडाळून ठेवा," ती म्हणाली. "आधी घराचे तीन वाटे होऊ देत."